रिकामी गाडी परत द्यायची नसते

भाड्याने घेतलेली गाडी परत देताना माणसं काय करतात? पेट्रोल भरतात, सीटखाली राहिलेला मोजा शोधतात, जुन्या ओरखड्यांचे फोटो काढतात आणि किल्ली काउंटरवर टाकून सुटतात. आमची आग्नेस गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये रव्याचे लाडू ठेवते. कधी नानकटाई, कधी चिवड्याची पुडी, अगदीच घाई असली तर एखादं संत्रं.

"रिकामी परत द्यायची नसते गं," ती म्हणते. जणू यात समजावून सांगण्यासारखं काही नाहीच.

आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आई पुण्यात शेजारच्या काकूंची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण वाटी कुठे आणि मोटार कुठे! आग्नेसला हा फरक मान्य नाही. आपण एखादी वस्तू मागून आणली, वापरली, आता परत द्यायची. मग ती वाटी असो की चार चाकांची गाडी, तिच्या लेखी सगळं एकच.

आग्नेस मूळची वसईची. सिडनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही दोघी काम करतो. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी आणि हुद्द्यानेही मोठी, पण इथे लॅबमध्ये सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे आमचंही पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच. पेंडल हिल स्टेशनच्या एका अंगाला तिचा फ्लॅट, दुसऱ्या अंगाला आमचं घर. ती एकटी राहते. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सुपरमार्केटची ट्रॉली ती जागेवर नेऊन लावते, पण आत एक केळं ठेवून. पुढची बाई ट्रॉली ओढते, केळं बघते आणि बावचळून चारी दिशांना पाहते. एकदा माझ्या लेकीची छत्री तिने नेली आणि परत करताना घड्यांमध्ये मूठभर चॉकलेटं सारली. लेकीने ती भर पावसात शाळेच्या दारात उघडली. "मॉम, आग्नेस आंटी इज सो वियर्ड," ती घरी येऊन म्हणाली, आणि तोंडात चॉकलेट होतंच.

लॅबमध्ये मात्र प्रकरण चिघळलं होतं. रक्ताचे नमुने दवाखान्यांतून एस्कीत येतात. एस्की म्हणजे इथली थंड ठेवायची पेटी. नमुने काढून घेतले की पेटी रिकामी परत जाते. रिकामी! आग्नेसला ते बघवेना. तिने एका पेटीत बिस्किटांचा पुडा ठेवून दिला. पलीकडच्या नर्सने पेटी उघडली, आणि अर्ध्या तासात आमच्या मॅनेजरचा फोन खणखणू लागला. रक्ताच्या पेटीत खाऊ ठेवणारी बाई गेली कित्येक वर्षं याच लॅबमध्ये इतरांना स्वच्छतेचे नियम शिकवते, हे कळल्यावर मॅनेजर खुर्चीतच बसून राहिला. आग्नेसने नियम मोडल्याचं निमूट कबूल केलं. वर म्हणाली, "पण पेटी रिकामी पाठवणं मनाला बरं वाटत नाही, मेट."

सिडनीत थंडी सुरू झाली की तिला बेटांची ओढ लागते. बेटंही उष्ण कटिबंधातलीच. नकाशावर पेनाची शाई सांडली असावी एवढाले ठिपके ती बोटाने दाखवते आणि पुढच्या महिन्यात तिथे पोचलेली असते. तिथे गेली की एखादी गाडी भाड्याने घेणार, नाहीतर तिथल्या बसने फिरणार, आणि काहीतरी ठेवून येणार. बेटंच का, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "बेटावर वस्तू हरवायला जागाच नसते. बस शेवटच्या स्टॉपला गेली तरी वळून तिथेच येणार. गाडी कुठेही ने, पुढे समुद्र. दिलेलं सगळं फिरून परत येतं."

"मग आलं का कधी?"

"येईल ना," ती म्हणाली आणि कपबशा विसळायला उठली.

तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात नुसती झाकणं आहेत. डबे गेले, झाकणं राहिली. शेजारच्या बाईला तिने एकदा ख्रिसमसचा फराळ दिला होता. डबा आला तो डिशवॉशरमधून लखलखीत होऊन, वर थँक यूचं कार्ड. आग्नेस मला तो दाखवत म्हणाली, "बघ, वाससुद्धा ठेवला नाही." मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

मागच्या थंडीत नवरा आणि लेक बर्फात घसरायला डोंगरावर गेले. मला बर्फाचा तिटकारा, म्हणून मी आग्नेसबरोबर मॅग्नेटिक आयलंडला निघाले. उत्तरेकडे टाउन्सव्हिलला विमानातून उतरायचं आणि फेरीबोटीत बसायचं, जरा कुठे केस विस्कटले की बेट येतं. धक्क्याजवळ आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड होती. डग नावाचा एक उंच, वाळकुंडा माणूस तिथे गाड्या भाड्याने द्यायचा. आम्हाला त्याने पिवळी, छप्पर नसलेली, खेळण्यातली वाटावी अशी गाडी दिली. कच्च्या रस्त्यावर नेऊ नका, संध्याकाळी छोट्या कांगारूंसारख्या वॉलबी आडव्या येतात तेव्हा हळू चालवा, असं दोन वाक्यांत सांगून तो पुन्हा आपल्या कुठल्याशा चाकाखाली शिरला.

आग्नेस गाडीत बसली, पट्टा लावला आणि मागे वळून बघत राहिली.

"काय विसरलं?"

"मागच्या दोन सीटा रिकाम्या आहेत गं."

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. पहिल्याच बसस्टॉपवर पाठीवर पिशव्या घेतलेली दोन जर्मन पोरं उभी होती. आग्नेसने करकचून ब्रेक दाबला आणि त्यांना बसवून घेतलं. त्यांना सोडलं, तर पुढच्या स्टॉपवर मासळीची बादली घेतलेली एक आजी. ती उतरली, तर पोहताना पायांत चढवायच्या रबरी पंखांसकट एक म्हातारा. मी पुण्याची. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोचलं नाही तर माझ्या पोटात कळ येते. सकाळभर आम्ही एकच रस्ता वर-खाली करत होतो आणि माझ्या मांडीवर मासळीचं पाणी गळलेलं होतं.

दुपारी एका स्टॉपवर आम्ही थांबलो, तोच मागून बस आली आणि आमच्याशेजारी येऊन उभी राहिली. बस चालवणारी बाई चांगली आडव्या बांध्याची, उन्हाने लाल झालेली. तिने खिडकी सरकवली.

"लव्ह, सकाळपासून माझी बस रिकामी फिरतेय. म्हटलं बेट ओस पडलं की काय! तूच होय माझे पॅसेंजर पळवणारी?"

ती हसत होती, पण आग्नेसचा चेहरा पांढराफटक झाला. "माझ्यामुळे बस रिकामी गेली?" ती मला मराठीत म्हणाली. "अख्खी बस?"

मग जे झालं ते माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही. आग्नेसने ती पिवळी गाडी एका झाडाखाली लावली, किल्ली काढून घेतली आणि मला हाताला धरून बसमध्ये चढवलं. बस भरून द्यायची म्हणून. आमच्या दोघींनी ती कितीशी भरणार! पण ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही. एका टोकाला जायचं, तिकडून वळून दुसऱ्या टोकाला, पुन्हा मागे. पैसे मोजून घेतलेली गाडी सावलीत गार पडली होती आणि आम्ही दोन बाया बेटावरच्या बसमध्ये फेऱ्या मारत होतो. मी धुसफुसत खिडकीकडे तोंड फिरवलं.

आणि त्या खिडकीतून मला जे दिसलं, ते मी गाडीतून सकाळभर पाहिलंच नव्हतं. बस पहिल्या गिअरमध्ये कण्हत घाट चढत होती. दोन्ही अंगांना घराएवढाले दगड एकावर एक रचलेले, कुणीतरी रचता रचता जेवायला उठून गेलं असावं तसे. त्यांच्या फटींतून सरळसोट पाइनची झाडं वर गेलेली. घाटमाथा आला आणि खाली एकदम समुद्र उघडला. निळा म्हणावा तर हिरवा, आणि कडेला इतका नितळ की तळाची वाळू दिसावी. निसर्ग पाहून विरघळणाऱ्यांतली मी नव्हे. सहलीच्या बसमध्ये आहाहा करणाऱ्या बायांचा मला पहिल्यापासून वैताग. पण तिथे माझं तोंड उघडं राहिलं ते मिटेना, आणि डोळ्यांत पाणी आलं. असं काही जगात असतं, आणि आपण त्याच्या शेजारून घड्याळ बघत जातो, याचं मला खरोखर नवल वाटलं.

बस चालवणाऱ्या बाईचं नाव बेव्ह. माथ्यावर ती दर फेरीला बस अगदी हळू करायची. "बघून घ्या," एवढंच माइकवर म्हणायची आणि स्वतःही बघायची. रोजचा रस्ता तिचा, तरी बघायची. आग्नेस दोन्ही हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसावं तशी गप्प बसलेली असायची.

उतारावर मात्र दोघींच्या गप्पांना ऊत यायचा. गाड्या भाड्याने देणारा डग हा बेव्हचाच भाऊ, हे तिथेच कळलं. बेव्हच्या परसात केळी आहेत हे कळल्यावर आग्नेसने तिला सुकेळ्यांचं पुराण सांगितलं. सुकेळी म्हणजे वसईची उन्हात सुकवलेली केळी, मधाच्या रंगाची, चिकट, गोड. राजेळी जातीचीच केळी लागतात, ऊन खणखणीत लागतं, आणि राखणीला धीराचं माणूस लागतं. आग्नेस ती पेंडल हिलला विजेच्या यंत्रात सुकवते आणि दर वेळी म्हणते, जमली नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. डगच्या शेडसमोर गाडी उभी केल्यावर आग्नेसने पिशवीतून एक स्टीलचा गोल डबा काढला, आत सुकेळी नीट रचली आहेत ना ते पाहिलं आणि तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. तो डबा मी ओळखत होते. झाकणावर आपल्याकडे भांड्यांवर टोचून घेतात तसं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव होतं: सेसिलिया. तिच्या आईचं.

"अगं, आईचा डबा आहे तो!"

"माहितीये."

"आणि परत नाही आला तर?"

तिने ग्लव्ह बॉक्स बंद केला. "इतकी वर्षं प्लास्टिकचे ठेवले. प्लास्टिकचा डबा कोण परत करतं? मीसुद्धा केला नसता. म्हटलं, एकदा खरा ठेवून बघू." मग जरा थांबून म्हणाली, "रिकामं परत दिलं ना, की संपतं गं. हिशेब चुकता. भरून दिलं की समोरच्याला पुन्हा यावं लागतं. आमच्या घरी शेजारणीचा डबा आणि आमचा डबा जन्मभर नुसते ये-जा करायचे. आईला एक दिवस एकटं वाटलं नसेल."

त्या ग्लव्ह बॉक्समध्ये ती काय ठेवून निघाली होती, ते मला तेव्हा नीट कळलं.

आम्ही धक्क्यावर पोचलो. बोट लागली होती. इतक्यात रस्त्याने बस भरधाव आली, धक्क्याच्या तोंडाशी वाकडीतिकडी थांबली आणि बेव्ह आपला सगळा देह सांभाळत धावत आली. हातात डबा.

"यू लेफ्ट युअर टिन, लव्ह! डगला गाडीत सापडला. आम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाही हो." प्रामाणिकपणाचा आनंद तिच्या तोंडावर ओसंडत होता. बसमधले लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवत होते.

आग्नेसने डबा घेतला. "थँक यू," ती म्हणाली. एकदा तिच्या हातून तपासणीच्या नळ्यांचा अख्खा स्टँड पडून फुटला होता, तेव्हाही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. बेटावरून वस्तू फिरून परत आली होती खरी, पण कुणी झाकणसुद्धा न उघडता.

ती बोटीकडे वळली. मला राहवलं नाही. मी तो डबा तिच्या हातातून ओढला आणि बेव्हच्या हातात कोंबला.

"विसरली नाही ती. तुमच्यासाठी ठेवलाय. तुम्ही खायचं, मग यात तुमचं काहीतरी भरायचं, आणि मग परत द्यायचा. आमच्याकडे अशी रीत आहे."

बेव्हने डब्याकडे पाहिलं, आग्नेसकडे पाहिलं. "काय भरायचं?"

"एनीथिंग," आग्नेस म्हणाली. "चिमूटभर साखर चालेल. बट नेव्हर एम्प्टी, मेट."

बेव्हने झाकण उघडलं. "हे काय, पालीचं शेपूट?" म्हणत एक सुकेळं तोंडात टाकलं. चावत राहिली. मग दुसरं टाकलं. बोटीचा भोंगा झाला. आग्नेसने बेव्हच्याच खिशातल्या बसच्या टाइमटेबलावर घाईघाईने पत्ता लिहून दिला आणि आम्ही बोटीत उडी मारल्यासारख्या चढलो. बेव्ह डबा पोटाशी धरून उभी होती, आणि बस तिच्यामागे पॅसेंजरांसकट तिष्ठत होती.

सिडनीला आल्यावर आग्नेसने त्या डब्याचं नाव काढलं नाही. थंडी सरली, जॅकरँडाची जांभळी फुलं येऊन गेली. एकदा मीच म्हटलं, पोस्टाने पाठवतील. ती म्हणाली, "पोस्टाने आलं की ते पार्सल झालं. डबा माणसाच्या हातून येतो." मला तिचा राग आला. जगाने हिच्या आईसारखं वागावं असा हट्ट धरून बसली होती, आणि जगाला त्याचा पत्ताच नव्हता. खरं तर मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

मग एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे चहाला गेले होते. बेल वाजली. दारात एक अनोळखी गोरं जोडपं, दोघांचे केस पांढरे, दोघांच्या पायांत बागकामाचे बूट. बाईच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"तुम्हीच आग्नेस का? आम्ही केलीव्हिलला राहतो. मॅग्नेटिक आयलंडला गेलो होतो. तिथली बसवाली माइकवर म्हणाली, सिडनीचं कुणी आहे का बसमध्ये? आम्ही हात वर केला." तिने टॉवेल उलगडला. "रोज विचारते म्हणे. तिला पोस्टाने पाठवायचं नव्हतं. म्हणाली, हातातून हातातच द्यायचं."

मी आग्नेसकडे पाहिलं नाही. मी स्टीलकडे पाहत होते. सिडनीपासून इतक्या लांबच्या त्या ठिपक्यावर, वसई कुठे आहे हे ठाऊक नसलेली एक बाई घाटमाथ्यावर बस हळू करून रोज विचारत होती, सिडनीचं कुणी आहे का.

"आणि हो," तो म्हातारा आठवून आठवून म्हणाला, "तिने सांगितलंय की पहिला घाणा मुंग्यांनी खाल्ला. दुसरा तिच्या भावाने गाड्यांच्या बॉनेटवर सुकवला. तुमच्यासारखी नाही झाली. आणि टिन रिकामा परत पाठवायचा नाही."

आग्नेसने त्या दोघांना बसवलं, चहा पाजला आणि निघताना त्यांच्या हातात चिवड्याचा डबा दिला. तो मात्र प्लास्टिकचा नव्हता. तिच्याकडे मोजून दोन-तीन स्टीलचे उरले होते, त्यांतलाच एक तिने काढला.

दार लावून ती टेबलाशी येऊन बसली. झाकणावर 'सेसिलिया'च्या खाली आता आणखी ठिपके होते. डगने त्याच्या शेडमधल्या कुठल्याशा खिळ्याने ठोकलेले असणार. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं: बेव्ह, डग. आत काळपट, वेड्यावाकड्या, चामड्यासारख्या पट्ट्या होत्या. आग्नेसने एक तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिली.

"कशी झालीत?"

"भयंकर," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दुसरी पट्टी उचलली.

"चला," मी म्हटलं, "आला एकदाचा तुझा डबा."

"माझा कुठला? त्यांचा आहे." तिने झाकण लावलं, पदर नव्हता म्हणून टीशर्टच्या टोकानेच ते पुसलं, आणि घरोघरच्या बायका लग्नमुंजीच्या बोलावण्यांवर करतात तशी लटकी कुरकुर करत मला म्हणाली, "बघ बाई, आता पुन्हा जाणं आलं."